वेढ्यातले खरेदीखत

अभ्यासपाठ. वाचन : यिर्मया ३२:१-२५. सोबत पाहावे : यिर्मया अध्याय २८, २९:१-१४, ३७:११-२१, ३८:१-१३, लेवीय २५:२५, एज्रा २:२३.



हा पाठ हाती घेण्यापूर्वी यिर्मयाच्या पुस्तकातला बत्तिसावा अध्याय एकदा सावकाश वाचून घ्यावा, आणि वाचताना नवव्या वचनापासून चौदाव्या वचनापर्यंत विशेष थांबावे. या सहा वचनांत दृष्टांत नाही, देवदूत नाही, चमत्कार नाही. तागडी आहे, तोलून दिलेले रुपे आहे, सही आहे, शिक्का आहे, साक्षीदार आहेत, दस्ताच्या दोन प्रती आहेत आणि त्या ठेवण्यासाठी एक मातीचे मडके आहे. आम्ही उपदेशक मंडळी बहुधा या वचनांवरून घाईने पुढे जातो, कारण पंधराव्या वचनात अभिवचन आहे आणि उपदेश तेथे चांगला रंगतो.

मी पोटापाण्यासाठी दस्तलेखकाचे काम करतो. बेळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी रजिस्ट्रार कचेरीबाहेर माझे टेबल आहे. खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोड हा माझा रोजचा व्यवसाय. ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करीत असताना हा अध्याय शिकवला गेला, तेव्हा वर्गातले इतर विद्यार्थी अभिवचनाविषयी विचारीत होते आणि मी विचारले की, साक्षीदार किती होते? सगळे हसले. आज मला वाटते की तो प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. दिवस अनिश्चित असताना आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घ्यायला मला या सहा वचनांइतके दुसरे काही उपयोगी पडलेले नाही.

काळ कोणता होता

सिद्कीया राजाचे दहावे वर्ष, नबुखद्रेस्सराचे अठरावे. म्हणजे इ.स.पू. ५८८-५८७ चा सुमार. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता. याआधी दहा वर्षांपूर्वी, इ.स.पू. ५९७ मध्ये, राजा यहोयाखीन आणि त्याच्याबरोबर सरदार, कारागीर, लोहार असे पुष्कळ लोक बाबेलास नेले गेले होते. आता उरलेल्यांची पाळी होती.

त्या दिवसांचा एक पुरावा जमिनीतून निघाला आहे. १९३५ साली लाखीश येथे उत्खनन चालू असता वेशीतल्या खोलीत शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती लष्करी चौकीची पत्रे होती. त्यांतल्या एकात चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला कळवतो की, लाखीशच्या अग्निसंकेताकडे आमचे लक्ष आहे, कारण अजेकाचा संकेत आम्हाला दिसत नाही. यिर्मया ३४:७ उघडून पाहावे. तटबंदीची जी दोन नगरे यरुशलेमेखेरीज उरली होती म्हणून सांगितले आहे, ती हीच दोन. एकेक दिवा विझत चालला होता.

आणि यिर्मया कोठे होता? राजवाड्यातल्या पहारेकऱ्यांच्या चौकात, कैदेत. नगर पडणार, असे त्याने स्पष्ट सांगितले होते, म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. जमीन विकत घेणारा हा मनुष्य भोळा आशावादी नव्हता. सगळ्या नगरात परिस्थिती खरोखर किती वाईट आहे हे ज्याला पुरते ठाऊक होते, त्यानेच ती घेतली.

भाऊबंद दाराशी

अशा वेळी यिर्मयाच्या चुलत्याचा मुलगा, शल्लूमाचा हानामेल, कैदेच्या चौकात येतो आणि म्हणतो की, बन्यामीन प्रांतातल्या अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे, कारण ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.

हा हक्क लेवीय २५:२५ मधला. भाऊबंद गरिबीत पडून वतन विकू लागला तर जवळच्या नातलगाने ते घ्यावे, म्हणजे जमीन घराण्याबाहेर जात नाही. आपल्याकडेही जमीन विकायची झाली तर आधी भाऊबंदांना विचारावे अशी रीत खेडोपाडी आहेच. पण 'हक्क' या शब्दाने फसू नये. यात घेणाऱ्याला मिळकतीपेक्षा ओझे अधिक होते. अनाथोथ यरुशलेमेच्या ईशान्येला जेमतेम चार-पाच किलोमीटरवर. नगराबाहेरचा सारा मुलूख शत्रूच्या हातात. ज्या शेतात पाय ठेवता येत नाही, ज्याची मोजणी करता येत नाही, ज्याचा ताबा मिळत नाही, असे शेत. माझ्या टेबलाशी असा व्यवहार आला तर मी पक्षकाराला बाजूला घेऊन सांगेन, "काका, पैसे बुडतील."

हानामेल का आला, हे शास्त्रात सांगितलेले नाही. मला वाटते, त्याला रोख रुप्याची गरज होती. वेढ्यातल्या नगरात शेत खाता येत नाही.

दुसरीही एक गोष्ट आहे. याच अनाथोथच्या माणसांनी पूर्वी यिर्मयाला जिवे मारण्याची धमकी दिली होती (११:२१). त्याच्या स्वतःच्या भावांनी, बापाच्या घराण्याने, त्याचा विश्वासघात केला होता (१२:६). हानामेल त्यांत होता की नव्हता हे कळत नाही. पण ज्या गावाने आपल्याला बाहेर काढले त्या गावची जमीन, त्या घराण्यातल्या माणसाकडून, अशा वेळी घ्यायची होती. यिर्मयाला मागची सारी बाकी काढता आली असती. त्याने काढली असे दिसत नाही. तो म्हणतो की, हे परमेश्वराचे वचन आहे हे मला तेव्हा समजले, आणि पुढच्याच वचनात तो रुपे तोलू लागतो.

सतरा शेकेल. नाणी पाडण्याची रीत त्या देशात तेव्हा रूढ नव्हती, म्हणून तागडी. शेकेल म्हणजे साधारण ११.४ ग्रॅम, आपल्या तोळ्याच्या जवळपास. तेव्हा सतरा तोळ्यांना जरा कमी एवढे रुपे त्याने दिले. फार मोठी रक्कम नव्हे. पण कैदेतल्या माणसाकडे, भाकरी दुर्मीळ होत चाललेल्या नगरात, ती लहानही नव्हे.

दोन प्रती आणि एक मडके

आता माझ्या धंद्याचा भाग. यिर्मयाने खतावर सही केली, शिक्का केला, साक्षीदार ठेवले, रुपे तोलून दिले. खताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही त्याने नेरीयाचा पुत्र बारूख याच्या हाती दिल्या, त्याही हानामेलासमक्ष, सह्या करणाऱ्या साक्षीदारांसमक्ष आणि चौकात बसलेल्या सर्व यहुद्यांसमक्ष. मग त्या मडक्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील.

बंद आणि उघडी अशा दोन प्रती कशासाठी? उघडी प्रत वाचण्यासाठी; बंद प्रत, पुढे कोणी मजकुरात फेरफार केला तर ताडून पाहण्यासाठी. ही पद्धत कल्पनेतली नाही. १९६१ साली मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बाबाथा नावाच्या यहुदी विधवेचे कागद कातडी पिशवीत मिळाले. ते ख्रिस्तानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले आहेत. त्यांत असे दुहेरी दस्त आहेत : वरचा मजकूर गुंडाळून दोऱ्याने शिवलेला, पाठीवर साक्षीदारांच्या सह्या, आणि खाली तोच मजकूर उघडा. मडक्याविषयी सांगायचे तर १९४७ पासून कुमरानच्या गुहांतून ज्या गुंडाळ्या निघाल्या, त्यांतल्या काही मातीच्या रांजणांतच ठेवलेल्या होत्या आणि सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या. यिर्मयाची योजना व्यवहाराच्या दृष्टीने अगदी बरोबर होती. आजही रजिस्ट्रार कचेरीत दस्ताची नक्कल ठेवून घेतात आणि मूळ प्रत पक्षकाराला परत देतात. हेतू तोच.

मला या ठिकाणी फार नवल वाटते ते असे. ज्या राज्याचा कायदा उद्या उरणार नाही, त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे एकही पायरी न गाळता हा दस्त झाला. साक्षीदारांनाही बोलावले. त्यांतले काही मनात हसले असतील. तरी त्यांनी सह्या केल्या. यिर्मयाला आपल्या मनाशी श्रद्धा बाळगून शेत घेतल्यासारखे मानता आले असते. पण त्याने ती गोष्ट चार लोकांत केली, लेखक बोलावून केली, आणि कैदखान्याच्या अंगणात बसलेल्या निराश माणसांना ती पाहू दिली.

यानंतरचे मात्र पुष्कळांच्या ध्यानात राहात नाही. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो (वचन १६ पासून), आणि ती प्रार्थना कशी संपते ते पाहावे. तो परमेश्वराची महत्कृत्ये आठवतो, वेढ्याचे मोर्चे दाखवतो, तलवार, दुष्काळ, मरी यांची नावे घेतो आणि शेवटी म्हणतो की, असे असूनही तू मला शेत विकत घ्यायला सांगितलेस. उत्तर अजून आलेले नाही. म्हणजे सही आधी झाली आणि गोंधळ नंतर बोलून दाखवला गेला. आपण उलट क्रम धरतो. मन आधी स्थिर होऊ दे, मग काय ते करू, असे म्हणतो, आणि मन काही स्थिर होत नाही.

माझ्या घरची गोष्ट

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हा पाठ लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी आली. आमची कचेरी बंद, माझे टेबल बंद. प्रार्थनामंदिरही बंद. आमच्या पाळकसाहेबांनी फोनवरून उपासना सुरू केली. सात-आठ जण एका वेळी जोडले जात, आणि एका रविवारी संदेश देण्याची पाळी माझ्यावर आली. मी हाच बत्तिसावा अध्याय घेतला. संदेश चांगला झाला असे लोक म्हणाले.

त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाचा फोन आला. तो एका कारखान्यात होता, तेथे कामगार कमी केले होते. आमच्या आजोबांच्या जमिनीतला त्याच्या वाटणीचा तीन गुंठ्यांचा तुकडा त्याला विकायचा होता. नऊ वर्षांपूर्वी बांधावरून आमच्यात बोलाचाली झाली होती आणि तेव्हापासून लग्नाला-मयताला गाठ पडेल तेवढीच. तो म्हणाला, "दादा, बाहेरच्याला देण्याआधी तुला विचारतोय." मी म्हणालो, "काळ बरा नाही रे. थोडा थांब, बघू."

माझ्याकडे पैसे अगदीच नव्हते असे नाही. सगळी रक्कम जमली नसती, पण विसार देता आला असता. पण हाताशी रोकड असावी असे वाटले, आणि खरे सांगायचे तर बांधाची गोष्टही मनात होती. पुन्हा त्याला फोन करीन म्हणालो आणि केला नाही. कचेरी उघडल्यावर काही महिन्यांनी त्याने तो तुकडा परक्याला दिला. दस्त लिहायला तो माझ्याकडे आला नाही, शेजारच्या टेबलाकडे गेला. टाइप करणाऱ्या मुलाने सहज मला मसुदा दाखवला, तेव्हा चतुःसीमेत पूर्वेला माझे नाव वाचून मला कळले.

हानामेल माझ्या दाराशी आला होता, आणि त्याच आठवड्यात मी लोकांना यिर्मयाविषयी सांगत होतो. आता आमचे बोलणे आहे. २०२१ च्या मे महिन्यात त्याच्या घरी आजार आला तेव्हा मी गेलो, डबा पोहोचवला, दवाखान्याच्या बाहेर बसलो. त्याने मागचे काढले नाही. पण त्या तुकड्यावर आता दुसऱ्याचे कुंपण आहे.

दोन वर्षे की सत्तर

अनिश्चित काळात आशेच्या नावाखाली पुष्कळ माल विकला जातो. अध्याय २८ मध्ये हनन्या संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल, राजाही आणि पात्रेही. यिर्मयाचे पहिले उत्तर काय आहे? आमेन. परमेश्वर असे करो. त्यालाही ते हवेच होते. पण ते खरे नव्हते.

आमच्याकडेही २०२० मध्ये एकवीस दिवसांचा हिशोब होता. १२ एप्रिलला ईस्टर होता, आणि पुनरुत्थानाच्या सणाला मंदिर उघडणारच असे काही वडीलजन छातीठोकपणे सांगत होते. ईस्टर गेला, मंदिर उघडले नाही, आणि ज्यांनी त्यावर मन बांधले होते ते इतरांपेक्षा अधिक खचले. खोटी आशा निराशेहून गोड असते, पण ती माणसाला तयारी करू देत नाही. दोन वर्षांत परतायचे असेल तर घर कोण बांधील?

म्हणून बाबेलातल्या बंदिवानांना यिर्मयाने जे पत्र पाठवले (अध्याय २९) त्यात त्याने मुदतीचा आकडा मोठा सांगितला, सत्तर वर्षे, आणि कामे रोजची सांगितली. घरे बांधून राहावे, मळे लावावे, मुलांची लग्ने करावी, आणि ज्या नगरात नेले गेले आहे त्याच्या हितासाठी झटावे व प्रार्थना करावी. लोकांना हे पत्र आवडले नाही. शमाया नावाच्या एकाने तर बाबेलहून उलट पत्र लिहिले की, या यिर्मयाला खोड्यात का घातले नाही?

पण पुष्कळांनी ते मनावर घेतले असावे, याचा पुरावा आज आपल्यापुढे आहे. यहोयाखीन राजाला व त्याच्या मुलांना तेलाचा शिधा दिल्याच्या नोंदी असलेल्या मातीच्या पाट्या बाबेलच्या उत्खननात मिळाल्या. त्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर २०१४ मध्ये आणखी शंभरावर पाट्या प्रसिद्ध झाल्या. त्यांत 'आल-याहूदू', म्हणजे यहूद्याचे गाव, अशा नावाची बाबेल देशातली वस्ती आहे. सर्वांत जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची, यरुशलेम पडल्यानंतर पंधरा वर्षांच्या आतली. आणि त्यांत आहे काय? जवाची उसनवारी, खजुराचा खंड, कर्जाच्या पावत्या, साक्षीदारांची नावे. रडगाणे नाही. एका पाटीच्या कडेला शलेम्या हे नाव इब्री अक्षरांत कोरलेले आहे. बाकी सारा मजकूर परक्या लिपीत.

ते वाचल्यावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या कचेरीत दस्त कानडीत होतात. मराठी म्हातारा येतो, मी त्याला मजकूर मराठीत समजावून सांगतो, आणि खाली तो वळणदार बाळबोध लिपीत सही करतो. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मंडळ्यांना हे नवे नाही. नगराची भाषा शिकायची, नगराचे भले करायचे, आणि कडेला आपले नाव आपल्या अक्षरांत लिहायचे. माझ्या आजोबांना कानडी कधी आली नाही. मला पोटासाठी शिकावी लागली, आणि त्यामुळे मला जे शेजारी मिळाले ते त्यांना मिळाले नाहीत. हे लांबले, असो.

भाकरी आणि चिंध्या

यिर्मयाला आपण एकटा संदेष्टा समजतो. त्याने स्वतःही एकटेपणाची तक्रार पुष्कळदा केली आहे. पण या अध्यायांतून कोण कोण त्याच्या भोवती आहे ते मोजून पाहावे. भाकरीवाल्यांच्या आळीतून रोज एक भाकरी त्याला आणून देत, नगरातली भाकर संपेपर्यंत (३७:२१). आणणाऱ्याचे नाव नाही, पण कोणी तरी रोज आणत होतेच. बारूख लेखक आहे. आणि एबद-मलेख कूशी आहे.

हा एबद-मलेख परदेशी, मिसराच्या दक्षिणेकडचा, राजवाड्यातला चाकर. सरदारांनी यिर्मयाला चिखलाच्या टाक्यात सोडल्यावर राजाला जाऊन विचारणारा हा एकच निघाला. पण मला त्याचे धैर्य जितके आवडते तितक्याच त्याच्या चिंध्या आवडतात. माणसे आणि दोर घेऊन निघताना तो वाटेत राजवाड्याच्या भांडारात शिरतो, जुनीपुराणी फडकी गोळा करतो, ती दोराने खाली सोडतो आणि यिर्मयाला सांगतो की, ही काखेत घाल आणि मग दोर लाव (३८:११-१२). दोराने काढायचे तर कातडे सोलून निघेल, उपाशी माणसाच्या अंगावर मांस नसते, एवढा विचार त्याने घाईच्या वेळी केला. मदत करणारे पुष्कळ असतात. चिंध्या आठवणारे थोडे.

आमच्या मंडळीत २०२० साली असे एक काम झाले, आणि ते उपदेशकांनी केले नाही. महिला मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मुलांच्या दोनरेघी वहीत सगळ्या घरांची नावे लिहिली. पुढे रकाने : एकटे कोण राहते, साखरेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या कोणाला लागतात आणि त्या कधी संपतात, फोन कोणाकडे नाही आणि नसेल तर शेजारी कोणाकडे आहे, पेन्शन कोणत्या बँकेत येते, मुलगा-मुलगी कोठे आहेत. शेजारच्या बिगरख्रिस्ती घरांतलीही एकटी माणसे त्यांनी त्यात घेतली. कोणी विचारले, तर म्हणाल्या, "पिठाची गिरणी एकच आहे ना आपली?" आठवड्यातून एकदा प्रत्येक घरी कोणी तरी जाई किंवा फोन करी. एकदा एका आजोबांना औषध होते, पण चष्मा फुटला होता म्हणून कोणती गोळी कोणती ते कळत नव्हते. रकान्यात चष्मा नव्हता. तो नंतर घातला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात महापूर आला होता, तेव्हा अशी वही नव्हती. कोण कोठे अडकले आहे हे विचारीत आम्ही दोन दिवस घालवले. आणि सांगायला वाईट वाटते, पण साथ ओसरल्यावर ती वहीही मागे पडली. मंदिराच्या कपाटात गीतपुस्तकांखाली ती अजून आहे. मध्यंतरी मी उघडून पाहिली. त्यातली काही माणसे आता नाहीत, काहींचे नंबर बदलले, दोन घरांतली तरुण मुले पुण्याला गेली आणि म्हातारी जोडपी एकटी उरली. रकाना 'एकटे' येथे त्यांची खूण नाही, कारण तेव्हा ती एकटी नव्हती.

शेताचे पुढे काय झाले

यरुशलेम पडले. यिर्मयाने त्या शेतात पाय ठेवल्याची नोंद कोठेही नाही. पुढे लोकांनी त्याला आणि बारूखाला मिसरात नेले (अध्याय ४३), आणि तेथून परतल्याचे वर्तमान नाही. मडके कोठे गेले हेही कळत नाही.

मात्र एज्राच्या दुसऱ्या अध्यायात, परतलेल्यांच्या त्या लांबलचक यादीत, जी आपण शब्बाथ शाळेत नेहमी गाळतो, तेविसाव्या वचनात अनाथोथची माणसे मोजली आहेत : १२८. नहेम्या ७:२७ मध्ये हाच आकडा. आणि नहेम्या ११:३२ मध्ये बन्यामिनी लोकांच्या पुन्हा वसलेल्या गावांत अनाथोथचे नाव आहे. ते १२८ जण गावी पोहोचले तेव्हा कोणाचा बांध कोठे, यावरून त्यांच्यात बोलाचाली झालीच असेल. आणि तेव्हा कोणी तरी जुना कागद शोधला असेल.

घरसभेत हा पाठ घेणाऱ्यांनी अध्याय ३२ व ३८ मोठ्याने वाचून मग पुढील गोष्टींवर बोलावे. हानामेलाच्या येण्यात परमेश्वराचे वचन आहे हे यिर्मयाला कशावरून कळले? वचने ६ ते ८ नीट पाहावीत. सहीच्या आधी प्रार्थना का नाही? हनन्याला आमेन म्हणणारा यिर्मया खोटे बोलला का? आपल्या घरसभेतल्या कोणाच्या भाऊबंदाला 'बघू' असे उत्तर मिळून राहिले आहे का, हे ज्याचे त्याने मनाशी पाहावे. सभेत सांगण्याची सक्ती नाही. शेवटी एक कोरी वही आणावी आणि पहिले पान त्याच बैठकीत लिहून काढावे. शिसपेन्सिलीने लिहावे, कारण नंबर बदलतात. चष्म्याचा रकाना विसरू नये.